कड्यावरची बिऱ्हाडे

आमच्या शाळेत शिक्षकांच्या खोलीत एक दिनदर्शिका टांगलेली असे. कोणा प्रवास-कंपनीने फुकट वाटलेली. वर्ष सरले तरी ती कोणी काढली नव्हती, कारण तिच्यावरची चित्रे मोठी देखणी होती. त्यांतल्या एका पानावर निळ्याभोर समुद्राच्या काठी एक उभा कडा होता आणि त्या कड्याला हलव्याच्या दाण्यांसारखी पांढरीशुभ्र घरे एकावर एक चिकटून बसली होती. खाली नाव होते : सांतोरीनी, ग्रीस.

सातवीच्या वर्गात एकदा ग्रीसचा विषय निघाला, तेव्हा मी ते पान काढून वर्गात नेले. "पाहा मुलांनो," मी जरा ऐटीतच म्हणालो, "हे ग्रीस देशातले एक बेट. जगातले धनवान लोक येथे हवा खायला येतात. त्यांच्यासाठी बांधलेले हे महाल." पान हातोहात फिरत शेवटच्या बाकापर्यंत गेले. तेथे जो मुलगा बसतो त्याचे वडील दगडाच्या खाणीवर कामाला आहेत. त्याने ते पान डोळ्यांजवळ नेले, बराच वेळ निरखले आणि उभा राहून म्हणाला, "गुरुजी, हे बांधलेलं नाही. हे पोखरलेलं आहे."

वर्ग हसला. मीही हसलो आणि त्याला खाली बसवले. पण संध्याकाळी घरी भिंग घेऊन ते चित्र पाहिले तेव्हा माझे हसू मावळले. दार दिसत होते, दाराच्या दोन बाजूंना दोन खिडक्या दिसत होत्या. पण घराला पाठ नव्हती, कूस नव्हती. दर्शनी भिंतीच्या मागे थेट डोंगर. पोरगा बरोबर होता आणि मास्तर चुकला होता. दुसऱ्या दिवशी मी वर्गात तसे कबूल केले, तेव्हा त्याने पुढचा प्रश्न टाकला : "मग गुरुजी, ज्यांनी पोखरलं ते आता कुठं राहतात?"

त्या प्रश्नाचे उत्तर मला ठाऊक नव्हते. मुलाच्या प्रश्नापाशी आपण अडलो की शिक्षकाला चैन पडत नाही. मिळेल तेथून मिळेल ते वाचत गेलो, आणि एका बेटाचा साडेतीन हजार वर्षांचा संसार डोळ्यांपुढे उभा राहिला. हा लेख म्हणजे त्या मुलाला दिलेले उशिराचे उत्तर होय.

एजियन समुद्रात, क्रीट बेटाच्या उत्तरेस हे बेट आहे. ग्रीक सरकारच्या दप्तरी त्याचे नाव थीरा. सांतोरीनी हे नाव मागाहून, मध्ययुगात इटालियन दर्यावर्द्यांच्या तोंडून आले. संत इरीनीच्या नावावरून ते पडले. नकाशात पाहिले तर बेटाचा आकार चंद्रकोरीसारखा दिसतो. कोरीच्या पोटात खोल समुद्र आहे आणि त्या समुद्रातून जवळजवळ तीनशे मीटर उंचीचे कडे सरळ वर चढतात. भूगर्भशास्त्रज्ञ अशा जागेला काल्डेरा म्हणतात. काल्डेरा म्हणजे कढई. ही कढई एका ज्वालामुखीची आहे.

सुमारे ३६०० वर्षांपूर्वी त्या ज्वालामुखीचा असा काही स्फोट झाला की बेटाचा मधला भाग खचून समुद्रात गेला आणि उरलेल्या जमिनीवर राखेचे व हलक्या, सच्छिद्र दगडाचे जाड थर बसले. त्या थरांखाली एक नांदते शहर गाडले गेले. १९६७ साली स्पिरिदॉन मारिनातोस या पुरातत्त्वज्ञाने अक्रोतीरी गावाजवळ उत्खनन सुरू केले आणि ते शहर पुन्हा उजेडात आणले. दोन-दोन, तीन-तीन मजल्यांची घरे, सांडपाण्याच्या बांधीव मोऱ्या आणि भिंतींवर चित्रे : निळी माकडे, झेपावणाऱ्या पाकोळ्या, प्रवासाला निघालेली गलबते. १९७४ साली मारिनातोस त्या उत्खननाच्या जागीच मरण पावला. या शहरात एक गोष्ट मात्र सापडली नाही. माणसांचे सांगाडे सापडले नाहीत. धरणीकंपाचे इशारे ओळखून लोक आधीच बाहेर पडले असावेत, असे विद्वान म्हणतात. रांजण मागे राहिले, चित्रे मागे राहिली. माणसे बिऱ्हाड टाकून निघाली.

ज्या राखेने ते शहर गिळले, त्याच राखेने पुढे शेकडो वर्षांनी गरिबांना घरे दिली. बेटावर लाकूड नाही. मोठे वृक्ष तेथे वाढतच नाहीत. तुळई, वासे, फळ्या आणायच्या तर गलबतातून, पदरचे पैसे मोजून. सपाट जमीन थोडी आणि ती द्राक्षवेलींना हवी. मग ज्याच्यापाशी लाकूडही नाही आणि जागाही नाही, त्याने घर करावे कसे? त्याने कड्याच्या पोटात टिकाव घातला. राखेचा तो थर घट्ट, पण खोदणाऱ्याला वश होणारा. दिवाळीत आपली मुले अंगणात किल्ला करताना ओल्या मातीत गुहा कोरतात. ती खचत नाही, कारण माती माती धरून बसते. कड्यातली राखही तशीच राखेला धरून बसते.

या घरांची रचना सांगण्यासारखी आहे. घराचे तोंड अरुंद आणि पोट लांब. दर्शनी भिंतीत मधोमध दार, दोहों बाजूंना खिडक्या आणि दाराच्या डोक्यावर एक झरोका. आत पुढची खोली. तिच्यामागे आडभिंत आणि त्या आडभिंतीलाही तसेच दार, तशाच खिडक्या, तसाच झरोका, म्हणजे बाहेरचा उजेड गाळून गाळून का होईना मागच्या निजायच्या खोलीपर्यंत पोहोचावा. जेथे खडक अपुरा पडे तेथे पुढे दगडी कमान ओढून घेत. छप्पर कमानीचे, कारण कमानीला लाकूड लागत नाही. चुन्यात ज्वालामुखीची राख कालवली की तो गारा दगडासारखा कठीण होतो. हे रसायन त्या लोकांना कोणा इंजिनियराने शिकवले नव्हते. आत उन्हाळ्यात गारवा आणि हिवाळ्यात ऊब. खालच्याचे छप्पर ते वरच्याचे अंगण. त्या छपरांवर पडणारा पाऊस पन्हळीने वाहून जमिनीखालच्या टाक्यात जाई आणि वर्षभर पुरवून पुरवून वापरला जाई. आपल्या गडकिल्ल्यांवरची पाण्याची टाकी ज्यांनी पाहिली आहेत, त्यांना हे निराळे सांगायला नको.

आपल्याकडे अजिंठा, कार्ले, वेरूळ येथे डोंगर कोरले गेले ते धर्मासाठी. राजांनी, श्रेष्ठींनी दान दिले आणि कारागिरांनी कठीण काळ्या पाषाणाला छिन्नी लावली. सांतोरीनीच्या कड्यांत देव नव्हता, दान नव्हते. होते ते गरजेचे खोदकाम. बेटाच्या उत्तर टोकाला इया नावाचे गाव आहे. तेथे तर ही वर्गवारी उघड्या डोळ्यांना दिसे. माथ्यावर जहाजांच्या कप्तानांचे सजवलेले वाडे आणि खाली कड्याच्या अंगावर त्यांच्या खलाशांची बिळे. गाढवे-खेचरे बांधायची ती गुहेत आणि द्राक्षे तुडवून मद्याची पिंपे भरून ठेवायची तीही गुहेतच. मद्याच्या अशा गुहेला तेथे कानावा म्हणतात. हा शब्द वाचकांनी लक्षात ठेवावा. पुढे तो पुन्हा भेटणार आहे.

या गरीब बेटाचेही एकदा दिवस होते. येथल्या वेली मांडवावर चढत नाहीत. वाऱ्याचा मारा चुकवण्यासाठी शेतकरी त्या जमिनीलगत टोपलीसारख्या वळवतो आणि टोपलीच्या आत घड धरतात. त्या द्राक्षांचे मद्य इयाच्या गलबतांतून काळ्या समुद्रापलीकडे रशियात जाई. बेटाची राखसुद्धा विकली जाई. १८५९ ते १८६९ या दहा वर्षांत सुएझचा कालवा खोदला गेला, तेव्हा पोर्ट सैद बंदराच्या बांधकामासाठी ही राख जहाजे भरभरून गेली, कारण तिचा चुना पाण्याखालीही आवळून बसतो. मुंबईच्या धक्क्यावरून आगबोटीने विलायतेला गेलेल्या आपल्या मागच्या पिढ्यांतील किती मराठी माणसांनी पोर्ट सैदला पाय मोकळे केले असतील! पायाखालच्या बंदरात एका दूरच्या बेटाची राख आहे, हे त्यांच्या गावीही नसेल.

पुढे दिवस पालटले. वाफेच्या जहाजांपुढे शिडाची गलबते हरली आणि दर्यावर्दी धंदा पिरेअस बंदराकडे सरकला. १९१७ च्या क्रांतीनंतर रशियाची पेठ बुडाली. दुसरे महायुद्ध आले, उपासमार आली. कप्तानांच्या वाड्यांचे रंग उडाले आणि बिळातल्यांचे हाल तर विचारायलाच नकोत.

आणि मग १९५६ सालच्या जुलै महिन्याची ९ तारीख उजाडली. पहाटे पाचच्या सुमारास समुद्राखाली प्रचंड भूकंप झाला. दहा-बारा मिनिटांत दुसरा मोठा धक्का बसला. समुद्र खवळून किनाऱ्यांवर चढला. पन्नासहून अधिक माणसे दगावली, पाचशेहून अधिक घरे जमीनदोस्त झाली आणि त्यांच्या कितीतरी पट घरांना तडे गेले. इया गावाचा मोठा भाग ढिगारा होऊन पडला. आपल्याकडे ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे कोयनेच्या परिसरात काय झाले ते ज्यांनी वडीलधाऱ्यांच्या तोंडून ऐकले आहे, त्यांना त्या पहाटेची कल्पना येईल.

सरकारने नवी घरे बांधली. कोन्स्तान्तिनोस देकावालास या वास्तुकाराने ती जुन्या पद्धतीला धरून, कमानी छपरांचीच केली. डोंगरातल्या गोनिया गावच्या लोकांना खाली समुद्रकाठी कामारी येथे वसवले. पण हजारो लोकांनी बेटाचाच निरोप घेतला. कोणी अथेन्सला गेले, कोणी परदेशी. कड्यातली बिऱ्हाडे ओस पडली. ज्या आडभिंतीच्या झरोक्यातून उजेड आत जाई, तेथून आता मातीचा लोट आत येऊ लागला. त्या काळी कोणी ते बीळ विकायला काढले असते तर गिऱ्हाईक मिळणे कठीण होते.

त्या ओसाड घरांना पुन्हा दिवा लागला तो १९७० नंतरच्या दशकात. ग्रीसच्या राष्ट्रीय पर्यटन संघटनेने एक योजना आखली. देशातली मोडकळीला आलेली जुनी गावे पाडून नवी हॉटेले उभारण्याऐवजी जुनीच घरे डागडुजी करून पाहुण्यांना द्यायची. इया हे त्यांतले एक गाव. घराच्या मालकाशी करार होई. दहा वर्षे घर संघटनेच्या ताब्यात, दुरुस्तीचा खर्च तिचा, आणि मुदत संपली की घर पुन्हा मालकाचे. गवंड्यांकडून जुनी रीत पुन्हा वदवून घेतली गेली. या कामाला 'युरोपा नोस्ट्रा' या संस्थेचे पारितोषिकही मिळाले. मला स्वतःला या साऱ्या इतिहासातले हे पान फार आवडते. सरकार गरिबाच्या बिळापाशी आले आणि त्याने ते बुजवले नाही, झाडून-पुसून परत दिले, अशी उदाहरणे जगात थोडीच.

पण दिवा लागला की पतंग येतातच. विमानतळ झाला. जुन्या बंदरापासून फिरा या मुख्य गावापर्यंत खेचरावर बसून सुमारे सहाशे पायऱ्या चढाव्या लागत. तेथे १९८० च्या सुमारास दोरावरून सरकणारा पाळणा आला. मालकांच्या ध्यानात आले की आपल्या आजोबाची अंधारी खोली हीच आता सोन्याची खाण आहे. १९८० नंतर कड्यावर एकामागून एक विलासी हॉटेले निघाली, आणि त्यांची नावेच त्यांची वंशावळ सांगतात. इयात 'कानावेस' नावाचे एक प्रख्यात हॉटेल आहे. ते मद्याच्या जुन्या गुहांमधून निघाले. तोच आपला कानावा! दुसऱ्याचे नाव 'कातिकिएस', म्हणजे नुसते 'राहती घरे'. जेथे पिंपे होती तेथे पलंग आले; जेथे पावसाचे पाणी थेंब थेंब जपले जाई, तेथे काही ठिकाणी पाहुण्यांना डुंबायला हौद झाले. उन्हाळ्यात अशा खोलीचे एका रात्रीचे भाडे पाचशे युरो, हजार युरो, त्याहूनही वर; आपल्या रुपयांत ते लाखाच्या घरात जाते. ज्या घरात दारिद्र्यामुळे राहावे लागे, त्या घरात आता दारिद्र्याला प्रवेश नाही.

मी हॉटेलवाल्यांना नावे ठेवायला बसलो नाही. परक्या पाहुण्याचे पैसे आले नसते तर त्या गुहा केव्हाच ढासळल्या असत्या, हे खरे आहे. अथेन्सच्या चाळवजा इमारतीत वाढलेला नातू आजोबाच्या गावी परतला, त्याने पडीक कमान पुन्हा उचलली, आईबापांना चांगले दिवस दाखवले, हेही तितकेच खरे आहे. मुलाच्या प्रश्नाचे निम्मे उत्तर तेथेच आहे : ज्यांनी पोखरले त्यांच्यापैकी काहींची नातवंडे आज त्या घरांची मालक आहेत. गरिबाच्या मेहनतीचे फळ तिसऱ्या पिढीला मिळाले, तर कोणाला दुःख व्हावे?

परंतु उरलेले निम्मे उत्तर कडू आहे. बेटाची वस्ती १५ हजारांच्या थोडी वर. २०२३ साली तेथे सुमारे ३४ लाख पाहुणे आले. ज्या यजमानाच्या घरी एक पान वाढायची सोय आहे त्याच्या दारी दोनशे पाहुणे यावेत, तसे हे झाले. पावसाचे पाणी कोठून पुरणार? समुद्राचे खारे पाणी यंत्रांनी गोडे करून नळाला सोडावे लागते. द्राक्षांच्या शेतांत इमारती उठल्या. तेथे फावा नावाची पिवळी डाळ पिकते, आपल्या विदर्भातल्या लाखेच्या डाळीची ती चुलत बहीण. तिच्या वावरांवरही तीच पाळी. बेटाचे महापौर निकोस झोर्झोस अनेक वर्षे सांगत आले आहेत की आता आणखी एकसुद्धा खाट नको. २०२५ पासून मोठ्या सफरी जहाजांतून दिवसाला ८ हजारांहून अधिक लोक उतरवायचे नाहीत असे ठरले आणि त्या वर्षीच्या जुलैपासून भर हंगामात अशा प्रत्येक प्रवाशावर २० युरोंचा करही बसला.

या साऱ्यापेक्षा माझ्या मनाला जी गोष्ट लागली ती निराळीच. ग्रीसमध्ये शिक्षकांची नेमणूक सरकार करते. सप्टेंबरात शाळा उघडतात तेव्हा नव्या नेमणुकीचे शिक्षक बोटीने बेटावर उतरतात, आणि त्यांना राहायला जागा मिळत नाही. तो पर्यटनाचा हंगाम. प्रत्येक खोली पाहुण्याला दिलेली. मिळालीच तर भाडे पगार गिळणारे, आणि अटही अशी की उन्हाळा लागला की खोली रिकामी करायची. डॉक्टरांची आणि परिचारिकांची तीच अडचण. जे बेट जगाला झोपायला जागा देते, त्या बेटावर त्याच्या मुलांना शिकवणाऱ्याला पाठ टेकायला जागा नाही.

हे वाचले तेव्हा मला माझी पहिली नेमणूक आठवली. खेडेगाव होते. हातात वळकटी घेऊन मी शाळेच्या पायरीवर बसलो होतो. गावात भाड्याची खोली म्हणून कोठेही नव्हती. संध्याकाळी एक म्हातारी आली. घरात तिचा मुलगा, सून, नातवंडे, अशी दाटी. पण तिने आपले माजघर मोकळे करून दिले आणि भाड्याचे विचारताच म्हणाली, "मास्तर, तुम्ही गावात राहिलात तर शाळा राहील. शाळा राहिली तर गाव राहील. त्याचं काय भाडं घ्यायचं?" तिला अक्षरओळख नव्हती. पण गाव कशाने गाव होते, याचा हिशेब तिला पुरता येत होता.

२०२५ च्या फेब्रुवारीत सांतोरीनीच्या आसपास समुद्राखाली पुन्हा धक्के बसू लागले. दिवसाकाठी शेकडो धक्के. शाळा बंद झाल्या, आणीबाणी जाहीर झाली आणि अकरा हजारांहून अधिक लोक बोटींनी, विमानांनी बेट सोडून गेले. सरकारने जे हुकूम काढले त्यांत एक असा होता : पोहण्याचे हौद रिकामे करा, कारण त्यांतले पाणी हिसकले तर इमारतीला धोका. जे हौद दाखवून खोलीचे दर वाढवले, तेच त्या आठवड्यात आधी उपसावे लागले. पुढे धक्के शमले आणि गेलेले लोक परत आले. परंतु त्या थोड्या दिवसांत ते बेट पुन्हा १९५६ साली, किंबहुना अक्रोतीरीच्या काळी जाऊन आले असे मला वाटते. कढईखाली आच आहे, हे त्या मातीत टिकाव घालणारा विसरत नसे. भाडे मोजणाऱ्याला ते आठवण्याचे कारण नसते.

हे सारे मी वर्गात सांगितले. दोन तास लागले. ते संपल्यावर मी त्या शेवटच्या बाकावरच्या मुलाला विचारले, "मिळाले का रे तुझे उत्तर?" त्याने मान हलवली. मग जरा थांबून म्हणाला, "गुरुजी, तिथल्या मास्तरांना कुणीतरी एक गुहा द्यायला पाहिजे."

यावर अधिक काही मला सांगता येण्याजोगे नव्हते. ते दिनदर्शिकेचे पान मी आता वर्गातच भिंतीवर लावले आहे. पूर्वी त्याखाली नुसते नाव होते. मुलाने आपल्या हाताने त्याखाली एक ओळ लिहिली आहे : हे बांधलेले नाही, खोदलेले आहे. ती ओळ मी खोडलेली नाही.